पहिल्यांदा सर्फिंग शिकायचंय: गोवा, मुल्की की चेन्नईजवळचं कोवलम?

लातूर म्हणा, परभणी म्हणा, आपल्याला समुद्र कुठूनही लांबच. त्यामुळं एवढा प्रवास करायचा तर जागा नीट ठरवा, आणि रील बघून नका ठरवू राव, सुट्टी कधी मिळतीय ते बघून ठरवा, कारण पश्चिम (गोवा, मुल्की) आणि पूर्व (कोवलम) किनाऱ्यांचे सीझन एकदम उलटे आहेत.

दिवाळीनंतर ते मार्च सुट्टी असेल तर गोवा. उत्तरेकडं मोरजी-आश्वेच्या पट्ट्यात वाळूचा तळ, उतार कमी, लाटा छोट्या, पडलं तरी लागत नाही. सकाळी वारा जमिनीकडून असतो तेव्हा पाणी साफ असतं आणि दुपारी समुद्राकडून वारा सुटला की लाटा विस्कटतात, म्हणून क्लास सकाळचाच घ्या. मऊ फोमचा बोर्ड देतात, पायाला दोरी बांधतात, आधी वाळूवर पालथं पाडून उठायची प्रॅक्टिस करून घेतात. पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घालाच, नाहीतर बोर्डवर घासून घासून पोट लाल होतं. शॅक, गाणी, वाळूतलं क्रिकेट, सगळी गजबज असते, सोबत आलेल्या घरच्यांना कंटाळा येत नाही. डिसेंबर अखेर मात्र टाळा, गर्दी आणि रेट दोन्ही डोक्यावरून जातात.

मुल्की त्याच सीझनचं, पण स्वभाव वेगळा. मंगळूरच्या उत्तरेला, शांभवी नदी समुद्राला मिळते तिथं. भारतात सर्फिंग रुजलं त्यात इथल्या मंत्रा सर्फ क्लबचा मोठा वाटा, आणि जवळच्याच ससिहित्लूला 2016 मध्ये इंडियन ओपन ही सर्फिंगची स्पर्धा झाली. नाइटलाइफ वगैरे काही नाही. ज्याला खरंच शिकायचंय त्यानं गोव्यापेक्षा इथं जावं असं माझं स्पष्ट मत आहे, फॅमिली सोबत असेल तर गोवाच.

आता सुट्टी जून-जुलैत असेल तर? पावसाळ्यात पश्चिम किनारा खवळलेला असतो, नवख्यानं पाण्यात पायसुद्धा घालू नये. तेव्हा कोवलम. कोळ्यांच्या होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या, गावातलीच पोरं शिकवतात, त्यांना तिथल्या पाण्याची नस न् नस माहीत असते. लाट गोव्यापेक्षा जोरदार, खडक कुठंयत ते आधी विचारून घ्या. ऊन लई कडक, नऊच्या आत उरकलेलं बरं. महाबलीपुरम जवळच, तिथंच ऑगस्ट 2025 मध्ये आशियाई सर्फिंग स्पर्धेत भारताच्या रमेश बुदिहाळनं ब्राँझ जिंकलं. ऑक्टोबर-डिसेंबरला इथं जाऊ नका, तो तिकडचा पावसाळा.

आणि विहिरीत पोहता येतं म्हणून निवांत राहू नका, विहिरीला ओढ नसते. समुद्रानं आत खेचलं तर किनाऱ्याकडं सरळ झगडत बसायचं नाही, किनाऱ्याला समांतर आडवं पोहत बाजूला निघायचं. लाल झेंडा दिसला की पाण्यात उतरायचंच नाही.

कोवलमसाठी लातूर-धाराशिववाल्यांनी सोलापूर गाठावं, मुंबई-चेन्नई गाड्या तिथूनच जातात. तिकीट चेन्नईचंच काढा हां, केरळातपण तिरुवनंतपुरमजवळ एक कोवलम आहे.