जंगल शिकायचंय: दापोलीचं फॉरेस्ट्री की कोल्हापुरातलं बॉटनी?

बारावी सायन्स, मार्क बरे आणि डोक्यात जंगल. कोल्हापूरच्या अशा मुलापुढं खऱ्या अर्थानं दोन वाटा असतात. सीईटी देऊन दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात चार वर्षांचं बीएस्सी फॉरेस्ट्री, नाहीतर घरी राहून इथल्याच एखाद्या कॉलेजात बीएस्सी बॉटनी. फॉरेस्ट्री अकोल्यालाही आहे, पण इकडची मुलं आधी दापोली बघतात, म्हणून अकोला बाजूला ठेवतो. माझा कल दापोलीकडं आहे. तेवढं धरून पुढचं वाचावं.

नोकरीचा मुद्दा आधी निकाली काढू. आरएफओ (वनक्षेत्रपाल) किंवा एसीएफ (सहायक वनसंरक्षक) व्हायला फॉरेस्ट्रीचीच पदवी लागते, हा गैरसमज घरोघरी आहे. एमपीएससीच्या वनसेवेला बॉटनी, झूऑलॉजी, केमिस्ट्री, शेती, इंजिनिअरिंग असे सगळेच बसतात. यूपीएससीच्या भारतीय वनसेवेतही जवळपास तसंच. उलट तिथं शेती आणि फॉरेस्ट्री हे दोन वैकल्पिक विषय एकत्र घेता येत नाहीत, बॉटनी आणि फॉरेस्ट्री मात्र घेता येतात, म्हणजे बॉटनीवाल्याची आयतीच सोय. पुरुष उमेदवारांना चार तासांत २५ किलोमीटर चालावं लागतं, त्याची तयारी रंकाळ्याला फेऱ्या मारूनही होते. फक्त परीक्षेसाठी विचार चालला असेल, तर दापोलीचं होस्टेल आणि चार वर्षं यांचा हिशोब नीट मांडावा.

जंगल कुणाचं भारी, यात कोल्हापूर सरळ जिंकतं. राधानगरी-दाजीपूर, आंबा, गगनबावडा, चंदगड. सदाहरित जंगल आणि गवे हाताच्या अंतरावर. शिवाजी विद्यापीठाच्या बॉटनी विभागाचं उद्यान आणि कंदीलपुष्पांवरचं (कंदिलासारखी फुलं येणाऱ्या सेरोपेजिया वनस्पतींवरचं) काम माहीतगारांना सांगायला नको. ज्याला वनस्पती ओळखण्यात, वर्गीकरणात रस आहे त्यानं घाट उतरून खाली कशाला जावं, हा प्रश्न रास्तच आहे.

पण चांगलं जंगल म्हणजे बहुतेकदा राखीव जंगल. अभयारण्यातून साधी फांदी काढायची तरी १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे. वनशास्त्राचा निम्मा भाग मात्र कापण्याचा आहे. विरळणी, छाटणी, तोड, ओंडके पाडणं. कुठलं झाड ठेवायचं आणि कुठल्यावर तोडीची खूण करायची हे बघून येत नाही. चुकीचं झाड काढल्यावर शेजारचं वाऱ्याला कसं उघडं पडतं हे दिसावं लागतं. त्यासाठी ज्याला हात लावायची मुभा आहे असं जंगल लागतं, आणि कृषी विद्यापीठाच्या स्वतःच्या लागवडी तिथं कामाला येतात.

मोजमापाचंही तेच. बॉटनीत क्वाड्रॅट, म्हणजे मोजणीचा चौकोन टाकतात, झाडांसाठी १० बाय १० मीटर, गवतासाठी १ बाय १, आणि कुठली जात किती हे काढतात. फॉरेस्ट्रीत टेप खोडाभोवती जातो, जमिनीपासून १.३७ मीटरवर. उतारावर झाड असेल तर वरच्या बाजूला उभं राहून मोजायचं. खालून मोजलं की उंची चुकते आणि घेरही. त्या उंचीच्या खालीच खोड दुभंगलं असेल तर दोन झाडं धरायची. घेर ९४ सेंटिमीटर आला तर व्यास ३० च्या आसपास. पुढं लाकूड किती, हा व्यापाऱ्याचा प्रश्न. १.२ मीटर मध्यघेराचा ३ मीटर लांब ओंडका चौथाई घेराच्या सूत्रानं (घेराच्या चौथ्या हिश्शाचा वर्ग गुणिले लांबी) ०.२७ घनमीटर भरतो, प्रत्यक्षात तो ०.३४ च्या वर असतो. साधारण एकपंचमांशाहून जास्त लाकूड सूत्रातच गळतं. साग विकणाऱ्या शेतकऱ्याला हे माहीत असलेला माणूस शेजारी हवा असतो.

आता ज्या एका गोष्टीनं माझा काटा झुकला ती. गोष्ट किरकोळ वाटेल, पण माझ्या लेखी हीच खरी अडचण आहे: साध्या कॉलेजचं वेळापत्रक आणि झाडांचं वेळापत्रक जुळत नाही.

बॉटनीच्या सहली ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये निघतात. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर तेरडा, सीतेची आसवं, गवतं, सगळं फुललेलं असतं. छोट्या वनस्पतींसाठी हा उत्तम काळ. झाडं मात्र उन्हाळ्याची धनी. पळस, पांगारा, काटेसावर फुलतात तेव्हा प्रॅक्टिकल परीक्षांची धावपळ. कुंभा, अंजनी, हिरडा, बहावा बहरतात तेव्हा लेखी परीक्षा नाहीतर सुट्टी. जांभळाचं बी जून-जुलैत पडतं आणि आठ-पंधरा दिवसांत पेरलं नाही तर उगवण झपाट्यानं घटते. तेव्हा कॉलेजात प्रवेशाच्या याद्या लागत असतात. लागवडीचे खड्डे एप्रिल-मेमध्ये खणून उन्हात तापवायचे, पहिला चांगला पाऊस झाला की भरून रोपं लावायची. तेही सुट्टीतच गेलं. तीन वर्षांत एक पूर्ण चक्र बघायला मिळत नाही आणि त्याबद्दल शिक्षकांना दोष देता येत नाही.

सागाचंच घ्या. बियाण्याचं कवच टणक, म्हणून ते आलटून पालटून भिजवायचं आणि उन्हात वाळवायचं, आठवडा ते दोन आठवडे. मग उन्हाळ्यात गादीवाफ्यावर पेरणी, तरी उगवण मागंपुढं होतेच. वर्षाचं रोप उपटून त्याचा स्टंप करायचा: खोड मुळाशी १ ते २ सेंटिमीटर जाड, वर दोन-तीन सेंटिमीटर ठेवून बाकी छाटायचं, सोटमूळ १५ ते २० सेंटिमीटर, बाजूची मुळं काढून टाकायची. विळा बोथट असला की साल सुटते आणि तिथून कूज शिरते. पहारीनं भोक पाडून स्टंप जमिनीच्या पातळीत बसवायचा आणि माती आवळायची. तळाशी पोकळी राहिली तर आधी फुटवा येतो आणि नंतर रोप वाळतं. मग पोरगं म्हणतं बी खराब होतं. एप्रिलपासून पुढच्या जुलैपर्यंतचं हे काम एका सत्राच्या जर्नलमध्ये मावत नाही.

दापोलीत सुट्ट्या नाहीत असं नाही. पण रोपवाटिका आवारातच, मुलं होस्टेलवर, आणि शेवटच्या वर्षी वनकार्यानुभवाचं अख्खं सत्र. वर्गात न शिकवलेलंही येता-जाता नजरेखालून जातं, एवढा फरक मला पुरेसा वाटतो.

दापोलीचे त्रासही आहेत. पावसाळ्यात कुंभार्ली घाटातून एसटीचा प्रवास, न वाळणारे कपडे, वह्यांना बुरशी. मोठ्या वन्यजीवांचं म्हणाल तर राधानगरीची सर नाही. मृदा, सर्वेक्षण, अर्थशास्त्र, विस्तार (शेतकऱ्यांपर्यंत माहिती पोचवणं) असे विषय एकदम अंगावर येतात, आणि फक्त वाघ-पक्षी मनात धरून गेलेली मुलं तिथं कंटाळतात. संशोधन किंवा वर्गीकरणच करायचं असेल, किंवा घर सोडणं परवडत नसेल, तर बॉटनी घ्यायला कुणी हरकत घेऊ नये.

बॉटनीच ठरलं, तर मार्च ते जुलै मोकळा सोडू नका. जवळच्या वनविभागाच्या किंवा सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत आधी जाऊन विचारून ठेवा. पिशव्या भरायला आणि रोपं हलवायला तिथं हात लागतातच. महिन्या-दोन महिन्यांनी पिशव्या जागेवरून हलवायच्या असतात, नाहीतर मूळ पिशवी फोडून जमिनीत जातं आणि उचलताना तुटतं. एक-दोन पिशव्या फाडून मूळ तळाशी गोल फिरलंय का ते बघा. फिरलं असेल तर लावण्याआधी खालचा एखादा इंच कापून टाकायचा.