हेलिओस: खिशातल्या लिनक्सवर इथेरियमचा लाइट नोड

इथेरियम या ब्लॉकचेनचा पूर्ण नोड, म्हणजे तिची साखळी स्वतः साठवून तपासणारा प्रोग्राम, चालवायचा म्हटलं की दोन टेराबाइटचा एसएसडी, भरपूर रॅम आणि अखंड इंटरनेट हे सगळं आलंच. हेलिओस हा लाइट नोड, म्हणजे साखळी न साठवता ती तपासणारा हलका प्रोग्राम; त्याला एक एक्झिक्युटेबल फाइल पुरते. डिस्कवर नावापुरती नोंद ठेवून तो थोड्याच वेळात साखळीच्या टोकाशी पोचतो. रास्पबेरी पाय, लिनक्स फोन, स्टीम डेक अशा सोबत बाळगायच्या यंत्रांवर इथेरियमचा कोणता लाइट नोड टाकावा असं विचारलं, तर आज पहिलं नाव याचंच घ्यावं लागेल. छोट्या यंत्रावर तो अडतोही, पण प्रोसेसर कमी पडल्यामुळे क्वचितच. बहुतेक वेळा घड्याळ चुकलेलं असतं, चेकपॉइंट (तपासणी जिथून सुरू होते तो विश्वासाचा ब्लॉक) शिळा झालेला असतो, नाहीतर आरपीसी सर्व्हर (साखळीतली माहिती पुरवणारा बाहेरचा सर्व्हर) पुरावे देत नसतो.

ए१६झेड क्रिप्टो या गुंतवणूक संस्थेने रस्ट भाषेत लिहिलेला हा प्रोग्राम नोव्हेंबर २०२२ मध्ये मुक्त स्रोत म्हणून खुला केला. १५ सप्टेंबर २०२२ च्या मर्जनंतर, म्हणजे इथेरियम मायनिंग सोडून ठेवींच्या पद्धतीवर गेल्यानंतर, गेथ या नोड-प्रोग्रामची जुनी लाइट पद्धत निकामी झाली होती, त्यामुळे अशा क्लायंटची गरज खरीखुरी होती. त्याचा पाया मात्र ऑक्टोबर २०२१ च्या अल्टेअर सुधारणेतच घातला गेला होता. त्या सुधारणेपासून दर २५६ इपॉकना (इपॉक हे साखळीतल्या वेळेचं माप), म्हणजे साधारण २७ तासांनी, ५१२ व्हॅलिडेटरांची (ठेव ठेवून ब्लॉक तपासणाऱ्यांची) एक सिंक कमिटी निवडली जाते आणि ती ब्लॉकच्या शीर्षांवर (हेडरांवर) सह्या करत राहते. हेलिओस त्या एकत्रित बीएलएस सह्या तपासतो. ५१२ पैकी किमान ३४२ सह्या असल्या, म्हणजे दोन-तृतीयांश भरल्या, तरच शीर्ष मान्य होतं. पुढची कमिटी कोणती हेही आधीच्या कमिटीच्या सहीखालीच येतं, म्हणून एका विश्वासू ठिकाणापासून आजपर्यंत पायरी-पायरीने चढत येता येतं. एका कमिटीच्या सार्वजनिक किल्ल्या ५१२ गुणिले ४८, म्हणजे २४,५७६ बाइट भरतात. पंधरवडाभर बंद ठेवलेलं यंत्र उघडलं तरी अशा बारा-तेरा पायऱ्याच चढायच्या असतात. जेसनच्या षोडशमान मजकुरात आकार दुप्पट होतो असं धरलं, तरी हा सगळा ऐवज एका एमबीच्या आत बसतो. ५१२ एमबी रॅमचा पाय झिरो २ डब्ल्यू हे काम पेलतो, ते या गणितामुळे.

शीर्ष पक्कं झालं की बाकीचं काम मर्कल पुराव्यांचं, म्हणजे हॅश जुळवून एखादी नोंद खरी असल्याचं दाखवणाऱ्या पुराव्यांचं. खात्यातली शिल्लक किंवा स्मार्ट करारातली (साखळीवरच्या प्रोग्राममधली) एखादी नोंद विचारली की हेलिओस ती बाहेरच्या आरपीसीकडून पुराव्यासकट मागवतो आणि शीर्षातल्या स्टेट रूटशी (सगळ्या खात्यांच्या स्थितीच्या हॅशशी) ताडतो. आकडा खोटा असेल तर पुरावा जुळत नाही आणि उत्तराऐवजी चूक दाखवली जाते. वॉलेट थेट आरपीसीला जोडलं तर आलेला आकडा मुकाट्याने मान्य करावा लागतो. एवढासा नोड मध्ये ठेवण्याचं सार्थक या फरकात आहे.

त्याच्या मर्यादा मात्र ठळक अक्षरांत लिहायला हव्यात. सिंक कमिटीने खोट्या शीर्षावर सही केली तर तिच्या ठेवीला कात्री लागण्याची तरतूद प्रोटोकॉलमध्ये नाही, त्यामुळे ही हमी पूर्ण नोडच्या हमीइतकी भक्कम नसते. तुम्ही कोणते पत्ते विचारता हे आरपीसीवाल्याला दिसतंच. आणि त्याने उत्तरच दिलं नाही तर हेलिओस काही करू शकत नाही. इव्हेंट लॉग (करारांनी साखळीवर सोडलेल्या घडामोडींच्या नोंदी) मागवताना तर विशेष सावध राहा. यादीतला प्रत्येक लॉग खरा आहे हे ताडता येतं, पण यादीतून एखादा वगळला गेला का, हे त्यावरून कळत नाही. हिशेबाच्या कामासाठी लॉगवर विसंबणाऱ्याने हे ध्यानात ठेवलंच पाहिजे.

आता बसवणं. तयार बायनरी एआरएम ६४-बिटसाठीही मिळते, आणि ‘हेलिओसअप’ नावाची स्क्रिप्ट ती उतरवून जागच्या जागी ठेवते. त्याआधी यंत्रावरची प्रणाली खरोखर ६४-बिट आहे का ते बघा. रास्पबेरी पायवर ‘युनेम’ आज्ञेच्या उत्तरावर भरवसा ठेवू नका, कारण कर्नल ६४-बिट आणि वरची सगळी प्रणाली ३२-बिट अशी जोडणी तिथे सर्रास आढळते. ‘गेटकॉन्फ लाँग_बिट’ विचारलं की ६४ किंवा ३२ असं सरळ उत्तर येतं. ३२ आलं तर कार्ड नव्याने ६४-बिट प्रतिमेने लिहिणं, हाच कमी त्रासाचा मार्ग.

स्रोतापासून बांधायची हौस असेल तर ते पाय झिरोवर करू नका. रस्टचा कंपायलर ५१२ एमबीत मावत नाही. कर्नल प्रक्रिया मारून टाकतो आणि पडद्यावर फक्त ‘सिग्नल ९’ दिसतो. स्वॅप वाढवला तर काम कदाचित पुरं होईल, पण तासन्‌तास चालेल आणि कार्ड झिजेल ते वेगळंच. मोठ्या संगणकावर क्रॉस-कंपाइल करा, फक्त तिथली ग्लिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) जुनी असू द्या. उबुंटू २४.०४ ची ग्लिबसी २.३९ आहे आणि डेबियन १२ ची २.३६. त्यामुळे पहिल्यावर बांधलेली फाइल दुसऱ्यावर बहुधा ग्लिबसीच्या नावाने अडून बसते. डेबियन १२ च्याच कंटेनरमध्ये बांधली की हा प्रश्न उरत नाही. पोस्टमार्केटओएस असलेल्या फोनवर अडचण वेगळी येते. तो अल्पाइनवर उभा आहे आणि अल्पाइनमध्ये ग्लिबसीऐवजी मसल असते. ग्लिबसीची बायनरी तिथे चालवली तर फाइल डोळ्यांसमोर असूनही ‘नॉट फाउंड’ असा संदेश येतो. सापडत नसतो तो लोडर (बायनरी सुरू करून देणारा प्रोग्राम), आपली फाइल नव्हे. अशा फोनसाठी मसल टार्गेटला बांधलेली बायनरीच हवी.

चालवताना ‘हेलिओस इथेरियम’ या आज्ञेला ‘एक्झिक्युशन-आरपीसी’ पर्यायात सर्व्हरचा पत्ता द्यायचा असतो. नवखे इथेच सर्वाधिक अडकतात. त्या सर्व्हरला ‘ईटीएच_गेटप्रूफ’ ही पद्धत यायलाच हवी. फुकटच्या कित्येक सार्वजनिक सर्व्हरांवर ती बंद असते. मग नोड छान सिंक झालेला दिसतो, पण शिल्लक विचारली की चूक येते आणि दोष हेलिओसला दिला जातो. म्हणून पत्ता भरण्याआधी ती एक विनंती हाताने पाठवून बघा. करारातलं फंक्शन वाचताना भार आणखी वाढतो. हेलिओस आधी ‘ॲक्सेस लिस्ट’ (फंक्शन कोणत्या नोंदी वाचेल त्यांची यादी) मागवतो, मग त्यातल्या खात्यांचे आणि नोंदींचे पुरावे मागवतो आणि शेवटी ते फंक्शन स्वतःच्या ईव्हीएममध्ये (करारांचा कोड चालवणाऱ्या भागात) चालवतो. एका क्लिकमागे अशा अनेक विनंत्या जातात. सर्व्हरवाल्याची दर सेकंदाची मर्यादा आडवी येते ती इथेच, आणि पाय झिरोचे कॉर्टेक्स-ए५३ गाभे हळू आहेत हे जाणवतं तेही इथेच. साधी शिल्लक बघताना यातलं काही जाणवत नाही.

चेकपॉइंटकडे दुर्लक्ष झालं तर वरची सगळी तपासणी व्यर्थ जाते, कारण विश्वासाची सुरुवात तिथून होते. चेकपॉइंट म्हणजे अंतिम ठरलेल्या एखाद्या इपॉकच्या सीमेवरच्या बीकन ब्लॉकचं (कमिटी सह्या करते त्या ब्लॉकचं) रूट, म्हणजे हॅश: ३२ बाइट, म्हणजे ‘०एक्स’नंतर ६४ अक्षरं. एक्सप्लोररवर (ब्लॉक दाखवणाऱ्या संकेतस्थळावर) त्याच पानावर स्टेट रूटही दिलेलं असतं आणि घाईत बरेच जण तेच उचलतात. हवं असतं ब्लॉक रूट. इपॉकच्या मधल्या स्लॉटचं (स्लॉट म्हणजे एका ब्लॉकसाठी राखलेली वेळ) रूट दिलं तर बूटस्ट्रॅप, म्हणजे सुरुवातीची माहिती, मिळत नाही. सीमेवरचा स्लॉट रिकामा गेला असेल तर सरळ दुसरा इपॉक निवडा. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन ठिकाणांहून रूट घ्या आणि अक्षरन्‌अक्षर जुळवा. दोन आठवड्यांहून जुन्या चेकपॉइंटवर हेलिओस एरवी नुसता इशारा देऊन पुढे जातो, ‘स्ट्रिक्ट-चेकपॉइंट-एज’ लावलं तर थांबतो. महिनोन्‌महिने खणात पडून राहणाऱ्या यंत्रावर हा पर्याय लावलेलाच असावा. नोड नीट बंद केला की तो ताजा चेकपॉइंट लिहून ठेवतो. त्यामुळे पॉवर बँकेची वायर उपटायची सवय असेल तर पुढच्या वेळी जुन्याच चेकपॉइंटपासून चढावं लागू शकतं. सिस्टमडीच्या सर्व्हिस फाइलमध्ये ‘किलसिग्नल’ला ‘सिगइंट’ द्या, म्हणजे बंद करताना कंट्रोल-सीसारखाच सिग्नल जाईल.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते घड्याळ. पाय झिरो २ डब्ल्यू आणि पाय ४ वर बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. पाय ५ वर आहे, पण त्याची छोटी बॅटरी वेगळी जोडावी लागते. वीज गेली की वेळ शेवटच्या नोंदीवर अडकते आणि चालू झाल्यावर नेटवरून दुरुस्त होईपर्यंत तशीच राहते. हेलिओस सध्याचा स्लॉट घड्याळावरून काढतो आणि एक स्लॉट १२ सेकंदांचा असतो. घड्याळ मागे असेल तर आलेली खरी शीर्षं त्याला भविष्यातली वाटतात आणि तो ती नाकारतो. पुढे असेल तर आपण मागे पडलो आहोत असं समजून उत्तरं अडवतो. खूपच मागे असेल तर टीएलएसचं (सुरक्षित जोडणीचं) प्रमाणपत्र ‘अजून लागू नाही’ ठरतं आणि जोडणीच होत नाही. यातल्या एकाही संदेशात घड्याळाचं नाव थेट येत नाही, म्हणून शोध भलतीकडेच जातो.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही करावेत. ‘सिस्टमडी-टाइम-वेट-सिंक’ ही सर्व्हिस चालू करून हेलिओसच्या सर्व्हिसला ‘टाइम-सिंक’ टार्गेटनंतर सुरू व्हायला सांगा. ती सर्व्हिस चालू केल्याशिवाय नुसतं ‘आफ्टर’ लिहिलं तर वेळ खरोखर जुळेपर्यंत कोणी थांबत नाही. दुसरा उपाय डीएस३२३१ या बॅटरीवरच्या घड्याळाच्या मॉड्यूलचा. पायच्या १ क्रमांकाच्या पिनवरून ३.३ व्होल्ट, ३ वर एसडीए, ५ वर एससीएल आणि ६ वर ग्राउंड द्या, मग कॉन्फिगमध्ये ‘आयटूसी-आरटीसी’चा ओव्हरले लावा. मॉड्यूल ५ व्होल्टवर जोडू नका, कारण त्याच्या पुल-अप रोधांमधून तेच ५ व्होल्ट पायच्या ३.३ व्होल्टच्या पिनांवर चढतात.

विजेची भानगड यापेक्षा सोपी. पाय झिरो इतका कमी करंट ओढतो की काही पॉवर बँका काहीच जोडलेलं नाही असं समजून बंद पडतात, तेव्हा कमी करंटचा मोड असलेली बँक निवडा. केबल बारीक असेल तर व्होल्टेज पडतं. ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’चं उत्तर ‘०एक्स०’ यायला हवं. ‘०एक्स५००००’ आलं तर चालू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज घसरलं आणि वेग कमी करावा लागला, असा त्याचा अर्थ. वायफायची पॉवर सेव्हिंग बंद करा, नाहीतर विनंत्या अधूनमधून लटकतात. कार्डाची काळजी फारशी नको. हेलिओस स्वतः जवळजवळ काहीच लिहीत नाही, लिहितो तो लॉग. जर्नलडीचा साठा ‘व्होलाटाइल’ केला की तोही रॅममध्येच राहतो.

नावातल्या ‘लाइट’वर जाऊन मोबाइल डेटावर दिवसरात्र चालू ठेवू नका. नवीन शीर्षाबरोबर तो ब्लॉकचा मजकूरही उतरवून हॅश ताडतो. दिवसाला ७,२०० स्लॉट होतात. एक ब्लॉक १०० केबीचा धरला तरी ७२० एमबी झाले, त्यात जेसनची भर निराळी. गरजेपुरता सुरू करून बंद करणं, हीच त्याची खरी वापरपद्धत.

स्टीम डेकवर सगळं सर्वात सुरळीत जातं. प्रोसेसर एक्स८६, रॅम १६ जीबी, घड्याळ शाबूत. फक्त रूट विभाग केवळ वाचण्यापुरता असतो आणि अपडेटमध्ये तो बदलला जातो, म्हणून बायनरी होम फोल्डरमध्ये ठेवा आणि सर्व्हिस वापरकर्त्याच्या पातळीवर लिहा. झोपेतून उठल्यावर नोड काही सेकंद मागे असतो. तेवढा वेळ त्याला द्या.

वॉलेट त्याच यंत्रावर असेल तर त्यात १२७.०.०.१ आणि पोर्ट ८५४५ भरलं की झालं. अनव्हिल किंवा हार्डहॅट (करार लिहिणाऱ्यांची चाचणीची साधनं) चालू असेल तर तेही हेच पोर्ट धरून बसतं, तेव्हा एकाचं बदला. नोड पायवर आणि वॉलेट लॅपटॉपवर असेल तर पोर्ट सगळ्या नेटवर्कला उघडायचा मोह टाळा, कारण त्याला पासवर्ड नसतो. एसएसएच बोगद्यातून तेच पोर्ट लॅपटॉपवर आणा. मोठी रक्कम आल्याची खात्री करताना ‘लेटेस्ट’ऐवजी ‘फायनलाइज्ड’ ब्लॉकवर शिल्लक विचारा. तो साधारण १३ ते १९ मिनिटं मागे असतो, पण उलटण्याची धास्ती तिथे उरत नाही.

एचटीटीपीवरून मिळणाऱ्या कन्सेन्सस सर्व्हरवर (शीर्षं आणि सह्या पुरवणाऱ्या सर्व्हरवर) विसंबणंच नको असेल तर निम्बसचा लाइट क्लायंट बघा. तो थेट पीअर-टू-पीअर जाळ्यातून शीर्षं घेतो. तोही हलका आहे, पण जोडण्या सतत उघड्या ठेवाव्या लागत असल्याने बॅटरीवर जड जातो, आणि सार्वजनिक वायफायने अनोळखी पोर्ट अडवले तर त्याला पीअरच मिळत नाहीत. हेलिओसचं सगळं बोलणं एचटीटीपीएसवरून चालतं, त्यामुळे ब्राउझर चालतो तिथे तोही चालतो.