भाऊबंदकीचा जुना गुन्हेपट: 'हाऊस ऑफ स्ट्रेंजर्स' पाहावा की 'द ब्रदर्स रिको'?

एकाच संध्याकाळची सवड असेल आणि जुना अमेरिकन गुन्हेपट पाहायचा असेल, तर या दोघांतला एक निवडा. दोन्हींत नायक रिचर्ड काँटे, दोन्हींत इटालियन-अमेरिकन घर, आणि दोन्हींचा आपल्याकडे फारसा बोलबाला नाही.

जोसेफ मँकिविझच्या 'हाऊस ऑफ स्ट्रेंजर्स'मध्ये (१९४९) विष घरातच आहे. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये जीनो मॉनेटी स्वतःची बँक चालवतो. कर्ज कुणाला द्यायचं, व्याज किती लावायचं, सगळं त्याच्या मर्जीवर. चार मुलांपैकी वकील झालेला मॅक्स लाडका, बाकीचे तिघे जणू घरगडी. टबात बसून एका मुलाकडून पाठ घासून घेणारा हा बाप पाहिला की ती मुलं पुढे अशी का वागतात, हे वेगळं सांगावं लागत नाही. एडवर्ड जी. रॉबिन्सनला या भूमिकेसाठी कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. बापाला वाचवायला गेलेला मॅक्स तुरुंगात जातो, आणि बाप त्याला पत्रं लिहून भावांविरुद्ध पेटवत राहतो. माझ्या लेखी सिनेमाचा जीव या पत्रांत आहे. सुझन हेवर्ड छान आहे, पण तिचं प्रेमप्रकरण जरा लांबलंय.

फिल कार्लसनचा 'द ब्रदर्स रिको' (१९५७) जास्त आटोपशीर, तासदीडतासाचा. टोळीचा जुना हिशेबनीस एडी आता फ्लोरिडात लाँड्रीचा धंदा करतो. टोळीप्रमुख कुबिक त्याला सांगतो, धाकट्या भावाला शोध, त्याच्या भल्यासाठीच. एडीच्या आईने एकेकाळी याच कुबिकचा जीव वाचवलेला, म्हणून एडी त्याला घरचाच माणूस मानतो. गोळीबार फारसा नाही. हॉटेलच्या खोलीतला एक फोन मात्र अंगावर येतो. शेवट घाईत गोड केलाय, तो मला पटत नाही.

थरार हवा असेल तर 'रिको'. नात्यांची ओढाताण बघायची असेल तर 'हाऊस', आणि माझं मत त्यालाच. फक्त त्याच कथेवरचा वेस्टर्न 'ब्रोकन लान्स' (१९५४) तुम्ही आधी पाहिला असेल, तर वळणं ओळखीची निघतील. मग सरळ 'रिको' लावा.