जुन्या २४ इंची मॉनिटरला एलईडी पट्ट्या बसवून नऊ महिने

गेल्या जूनमध्ये माझ्या मॉनिटरची बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा, गेली. आतल्या ट्यूब काढून एलईडीच्या पट्ट्या बसवून घेतल्या, त्याला आता नऊ महिने झाले. मध्ये तीन दिवाळी अंक आणि दोन कादंबऱ्यांची प्रूफं याच पडद्यावर पार पडली. तेव्हा काय नीट चाललंय आणि कशाचा त्रास झाला हे आता खात्रीने सांगता येईल.

आधी, इतक्या जुन्या मॉनिटरसाठी खटाटोप का केला ते सांगते. मी पुण्यात घरून डीटीपी आणि मुद्रितशोधन करते. हा मॉनिटर २००८ सालचा, १९२० बाय १२०० पिक्सेलचा. आता मिळणाऱ्या साध्या पडद्यांपेक्षा याची उंची जास्त आहे: रुंदी ५१८ मिलिमीटर, उंची ३२४. ए-फोरची दोन पानं शेजारी शेजारी, मूळ मापात ठेवली तर ४२० बाय २९७ मिलिमीटर जागा लागते. म्हणजे दोन्ही पानं पूर्ण दिसून वर मेनूच्या पट्टीला जागा उरते. आज २४ इंची म्हणून विकले जाणारे बहुतेक पडदे असतात २३.८ इंचांचे आणि त्यांची उंची भरते २९६ मिलिमीटर. पान एका मिलिमीटरने जास्त! समोरासमोरची पानं अखंड दिसण्याचं महत्त्व पानं लावणाऱ्यालाच कळेल. १९२० बाय १२०० चे नवे मॉनिटर मिळतात, पण मला सांगितलेले भाव साध्या मॉनिटरच्या दुपटीच्या वर होते.

आता बिघाडाबद्दल. मे महिन्यापासून सकाळी मॉनिटर चालू केला की पहिली पाच-सात मिनिटं पडदा गुलाबीसर दिसायचा, मग हळूहळू पांढरा व्हायचा. खालची कड वरच्यापेक्षा पिवळट वाटायची. मी ते वयावर टाकलं आणि काम करत राहिले. तिथेच चुकलं, कारण ट्यूब थकल्याची हीच खूण असते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी पडदा उजळला आणि दोन सेकंदांत काळा झाला. बंद करून पुन्हा चालू केला, पुन्हा दोन सेकंद उजेड आणि मग अंधार. बटणाजवळचा दिवा मात्र हिरवाच, आणि कॉम्प्युटरलाही मॉनिटर जोडलेला दिसत होता.

पहिल्या दुकानात सांगितलं, "मॅडम, पॅनल गेलंय. याला आता काही मिळत नाही, नवीनच घ्या." मी जवळजवळ तयार झाले होते. घरी येऊन आमच्या गल्लीतल्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांना सहज फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "ताई, पॅनल गेलं असतं तर दोन सेकंद तरी चित्र नीट कसं दिसलं? खोलीत अंधार करा, मॉनिटर चालू ठेवा आणि मोबाइलचा टॉर्च काचेला तिरका लावून बघा."

तसं करून बघितलं. टॉर्चच्या उजेडात माझा डेस्कटॉप दिसला. फिकट होता, पण फोल्डरची नावं वाचता येत होती, माउस हलवला की बाणही हलत होता. एलसीडीला, म्हणजे पॅनलच्या काचेला, स्वतःचा उजेड नसतो. काचेमागच्या दिव्याचा उजेड ती जागोजागी अडवते किंवा जाऊ देते आणि त्यातून चित्र उभं राहतं. मागचा दिवा विझला तरी काच आपलं काम करतच असते. एवढी एक चाचणी त्या दुकानात केली असती तर माझा आठवडा वाचला असता. हा राग मला अजून आहे, कारण असे कितीतरी चांगले पडदे याच उत्तरावर भंगारात जात असणार.

दिवा गेला म्हणजे काय गेलं, हे मात्र टॉर्चने कळत नाही. या पिढीच्या मॉनिटरमध्ये सीसीएफएल म्हणजे पेन्सिलीपेक्षाही बारीक ट्यूब असतात. माझ्यात चार होत्या, दोन वरच्या कडेला, दोन खालच्या. त्यांना पेटवायला इन्व्हर्टर बोर्ड लागतो, जो पुरवठ्याचे थोडे व्होल्ट चढवून पेटताना हजाराच्या वर नेतो. चारांतली एक जरी ट्यूब नीट पेटली नाही, तरी इन्व्हर्टरला ते कळतं आणि तो सगळंच बंद करतो. दोन सेकंदांचं गणित ते. पण पुरवठ्याच्या बोर्डावरचे, वीज साठवणारे कॅपॅसिटर फुगले, तरी लक्षण असंच दिसू शकतं.

काकांनी आधी मागचं झाकण काढलं. समोरून एकही स्क्रू नाही. स्टँडखालचे चार स्क्रू काढले की कड प्लॅस्टिकच्या खाचांवर असते. ती सोडवायला त्यांनी जुनं सिमकार्ड वापरलं, स्क्रू-ड्रायव्हर लावू दिला नाही, कारण त्याने कडेला कायमचे ओरखडे पडतात. मेन पुरवठ्याचा मोठा कॅपॅसिटर रेझिस्टर लावून रिकामा केला. २३० व्होल्टच्या लाइनवर तो सव्वातीनशेच्या आसपास चार्ज होतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तो चार्ज धरून ठेवतो. घरी हे काम करायची हौस असणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

दोन कॅपॅसिटरच्या माथ्याला किंचित फुगवटा होता, ते बदलले. लक्षण तेच राहिलं. मग काकांनी त्यांच्याकडची एक सुटी, चालू ट्यूब इन्व्हर्टरच्या चारही जोडांवर आळीपाळीने लावली. खालच्या एका जोडावर ती लावताच पडदा पेटला आणि पेटलेलाच राहिला. म्हणजे इन्व्हर्टर ठणठणीत, त्या जागची ट्यूब मेलेली. बाहेर काढल्यावर तिची दोन्ही टोकं काजळी धरल्यासारखी काळी दिसली. तिच्या जोडीदारणीचीही सुरुवात झालेली होती.

मी पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तापकीर गल्लीत, ट्यूब शोधत चार दुकानं फिरले. त्या मापाची मिळाली नाही, आणि शेवटच्या दुकानदाराने सांगितलेलं पटलं: "ताई, नळी मिळाली तरी तीही कित्येक वर्षं पडून असलेली मिळणार. किट घ्या." युनिव्हर्सल एलईडी किट साडेसहाशे रुपयांना पडलं. त्यात ५४० मिलिमीटरच्या दोन बारीक पट्ट्या, पट्ट्यांना वीज पुरवणारा एक छोटा ड्रायव्हर बोर्ड आणि वायरी. पट्टी तीन-तीन एलईडींच्या गटात कापता येते, मधे कुठेही कापली तर तो गट पेटत नाही. त्यामुळे लांबी हवी तशी मिळत नाही. आमची पट्टी खालच्या उजव्या कोपऱ्यात अर्धा सेंटिमीटर तोकडी पडली, आणि तो कोपरा आजही जरा काळसर दिसतो. पांढऱ्या पानावर लक्ष देऊन बघितलं तरच.

बसवायला दोन तास लागले. ट्यूब ज्या धातूच्या पन्हाळीत होत्या त्या पन्हाळी बाजूने सरकवून बाहेर आल्या, त्यामुळे काच पूर्ण उचलावी लागली नाही. काचेच्या कडेला चिकटलेल्या पातळ फितींवर चित्राच्या चिप असतात, त्यातली एक दुमडली की उभी रेघ कायमची. जुना इन्व्हर्टर वेगळा बोर्ड होता, तो सरळ काढून टाकला. त्याच्या जोडावरच्या वायरींचं काम मीटरने तपासून घेतलं: पुरवठा, ग्राउंड, चालू-बंद आणि ब्राइटनेस. पुरवठा १८ व्होल्टचा निघाला, किटवर १० ते ३० लिहिलेलं होतं, त्यामुळे जमलं. इन्व्हर्टर आणि पुरवठा एकाच बोर्डावर असतील तर काम वाढतं, इन्व्हर्टरचा भाग वेगळा तोडावा लागतो. मजुरी आठशे. ट्यूबमध्ये काही मिलिग्रॅम पारा असतो, म्हणून चारही न फोडता वर्तमानपत्रात गुंडाळून ई-कचरा घेणाऱ्यांकडे दिल्या.

चालू केल्यावर पडदा क्षणात उजळला. पंधरा वर्षं आधी मंद आणि मग उजळ होताना बघायची सवय, त्यामुळे मला ते नवं वाटलं. पांढरा रंग निळसर होता. मॉनिटरच्या मेनूत निळा ५० वरून ४२ वर आणला, लाल तसाच ठेवला, आणि छापून आलेल्या कागदाशेजारी ठेवून बघत दोन दिवसांत समाधान झालं. मजकुराच्या कामाला रंग उत्तम आहेत. पण गडद लाल आणि कुंकवाचा रंग पूर्वीसारखा उमटत नाही. निळ्या चिपवर पिवळा लेप असलेल्या या स्वस्त पांढऱ्या एलईडीत लालाची बाजू कमजोरच असते. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ मी आता या पडद्यावर बघून पास करत नाही, छापील प्रूफ मागवते.

सगळ्यात जास्त त्रास झाला तो डोळ्यांना, आणि त्याचं कारण शोधायला महिना गेला. जुलैत रोज संध्याकाळी डोकं चढायचं. ब्राइटनेस ३० वर ठेवला होता, तरीही. शेवटी पडद्यावर कोरं पान उघडून त्यासमोर पेन्सिल वेगाने हलवली, तर एक धूसर पट्टा दिसायच्या जागी वेगवेगळ्या सात-आठ पेन्सिली दिसल्या. हा मॉनिटर ब्राइटनेस कमी करताना दिवा मंद करत नाही, सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतो आणि बंदचा वेळ वाढवतो. ट्यूबमधला लेप विझताना थोडा वेळ चमकत राहतो, त्यामुळे पूर्वी ती उघडझाप मऊ व्हायची. एलईडी तत्क्षणी विझते. ब्राइटनेस ८५ वर नेला आणि उजेड कमी करायला कॉन्ट्रास्ट खाली आणला, पडद्यामागच्या भिंतीवर एक छोटा दिवा लावला. पेन्सिली एकमेकींत मिसळल्या. डोकेदुखी चार दिवसांत गेली आणि परत आली नाही. किट बसवणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी ही पेन्सिल हलवून बघावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दुसरा त्रास ऑक्टोबरच्या उकाड्यात. पट्ट्या त्यांच्याच चिकटपट्टीवर बसवल्या होत्या. वरची पट्टी एका टोकाला सुटली आणि वरच्या कडेला उजेडाचा झोत दिसायला लागला. त्याच सुमारास डाव्या पानाच्या मध्यावर एक ठिपका होता, तो मला एका शब्दावरचा जादा अनुस्वार वाटला. प्रूफवर खूण करायला गेले, पान सरकवलं, ठिपका जागेवरच. धूळ. पहिल्या वेळी उघडताना उजेड पसरवणाऱ्या प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यांच्या मधे गेली असणार. अंकाची पानं छापखान्यात गेल्यावर काका पुन्हा आले. पट्टी या वेळी उष्णता वाहून नेणाऱ्या सिलिकॉनने चिकटवली, आणि पत्रे उघडण्याआधी खोलीतला पंखा बंद करून फरशी ओल्या फडक्याने पुसून घेतली. ते जूनमध्येच करायला हवं होतं. तेव्हापासून पाच महिने काहीच हललेलं नाही.

वीजही कमी लागते. प्लगला लावायच्या मीटरवर पूर्वी ७४ वॅट दिसायचे, आता ३८. त्याहून जास्त जाणवतं ते मॉनिटरच्या वरच्या जाळीतून येणाऱ्या गरम वाऱ्याचं नाहीसं होणं. या मार्चमध्ये दुपारी मी खिडकी लावून टेबलाशी बसू शकते आहे.

हे सगळ्यांनी करावं असं मात्र मी म्हणणार नाही. १७-१९ इंची साधा जुना मॉनिटर असेल तर एवढे पैसे आणि हात गुंतवू नका. वापरलेला चांगला मॉनिटर तेवढ्यात येतो. ज्यांच्या मॉनिटरमध्ये मुळातच एलईडी आहे त्यांचा प्रश्न वेगळा आहे: तिथे एक एलईडी गेली तरी तिची सगळी माळ विझते, आणि नवी पट्टी मॉनिटरच्या मॉडेलवरून शोधायची नसते, पॅनलच्या पाठीवरच्या स्टिकरवरच्या नंबरवरून शोधायची असते. रंगाचं काम करणाऱ्यांनी हे किट टाळावं. अक्षरांचं काम करणाऱ्यांनी, आणि ज्यांचा पडदा उंच आहे त्यांनी, आधी टॉर्च लावून बघावा.

काकांनी परवा विचारलं, "पावसाळ्याआधी एकदा उघडून बघू का, ताई?" मी त्यांना मेच्या शेवटच्या आठवड्यात यायला सांगितलंय. तेव्हा कोपऱ्यातला अर्धा सेंटिमीटरही भरून काढू. त्यासाठी तीन एलईडींचा एक तुकडा जूनपासून टेबलाच्या खणात ठेवलेला आहे.