मुलाच्या टिक्ससाठी नागपूरच्या धंतोलीतलं क्लिनिक: आमचा अनुभव (5 पैकी 4 स्टार)

मुलगा नऊ वर्षांचा आहे, आधी डोळे मिचकवायचा, मग मान झटकायला लागला अन् आता घसा खाकरल्यासारखा आवाज काढून राहिला होता. अशा आपोआप, परत परत होणाऱ्या हालचाली अन् आवाज म्हणजेच टिक्स. डोळ्यांच्या डॉक्टरांचे ड्रॉप्स झाले, ईएनटीवाल्यांनी घसा क्लिअर आहे सांगितलं, मग मुलांच्या सायकियाट्रिस्टकडे आलो.

डॉक्टर मॅडम गोळी लिहायची घाई करत नाहीत. हा त्यांच्यासमोर एकदम चूप बसला तर म्हणाल्या, मुलं थोडा वेळ दाबून धरतात, घरचे व्हिडिओ दाखवा. अंगाच्या टिक्स अन् आवाजाची टिक, दोन्ही मिळून वर्षाच्या वर झालं म्हणून टुरेट सांगितलं, 10 ते 12 वयात बहुतेक जास्त असतं अन् पुढे बऱ्याच मुलांचं कमी होत जातं हेही.

आमची खरी भीती वेगळीच होती. हा म्हणायचा, डोक्यातलं सांगतं, दाराला अजून एकदा हात लाव नाहीतर आईला काहीतरी होईल. दुसऱ्या एका ठिकाणी हे ऐकून डायरेक्ट स्किझोफ्रेनिया (नसलेले आवाज ऐकू येतात तसला गंभीर मानसिक आजार) असेल म्हटलं, त्या रात्री घरात कोणाच्या घशाखाली घास उतरला नाही बाप्पा. मॅडमनी सरळ त्यालाच विचारलं, कानाने ऐकू येतं की तुझाच विचार आहे? "माझाच आहे, पण जातच नाही." म्हणजे ओसीडी, नको असलेला विचार डोक्यातून जात नाही अन् तेच ते परत करावंसं वाटतं तो त्रास. टिक्ससोबत ओसीडी, एडीएचडी (लक्ष न लागणं, अति चुळबुळ) खूप मुलांना असतं, तेराच्या आत स्किझोफ्रेनिया फारच क्वचित. तरी झोप, फिट्स, वागण्यातला बदल सगळं खोदून खोदून विचारलं, मगच बोलल्या.

थेरपीवाली ताई पण भारी आहे. मान झटकावीशी वाटली की हनुवटी जरा खाली घेऊन मान हलकेच ताठ धरायची, ती सुरसुरी जाईपर्यंत. दाराला एकदाच हात लावायचा अन् भीती वाटली तरी परत जायचं नाही, हे सगळ्यात कठीण जातं त्याला, पण करून राहिला. शाळेसाठी चिठ्ठी दिली की टिकवरून टोकू नका, ती मागावी पण लागली नाही.

एक स्टार वेटिंगचा कापला. अपॉइंटमेंट असून खूप बसावं लागतं अन् वर तो मोठ्या आवाजातला टीव्ही, टेन्शनमध्ये मुलांच्या टिक्स वाढतात, तो तरी बंद ठेवा प्लीज. धंतोलीत पार्किंगचं माहीतच आहे, टू-व्हीलरनेच जा, व्हिडिओ मोबाइलमध्ये काढून ठेवा.