ब्युप्रेनॉर्फिन-नॅलोक्झोन गोळी : 17 महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव, खर्चाच्या हिशेबासह

अफूवर्गीय औषधांच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन आणि नॅलोक्झोन यांची जिभेखाली ठेवायची संयुक्त गोळी मी 17 महिन्यांपूर्वी सुरू केली आणि आजही ती रोज घेतो. या औषधाविषयी रुग्णांनी लिहिलेले जे वाचायला मिळते, ते बहुधा पहिल्या पंधरवड्यातले असते. त्यात एक तर सुटका झाल्याचा आनंद असतो, नाही तर पहिला डोस चुकल्याचा संताप. मला लिहायचे आहे ते त्यानंतरच्या महिन्यांविषयी, म्हणजे हा उपचार शोधताना काय चुकले, पैसे नेमके कशावर गेले आणि गोळी एकही दिवस न चुकता मिळत राहावी यासाठी काय करावे लागले, याविषयी.

पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर मला लिहून दिलेल्या वेदनाशामक गोळ्या पुढे तीन वर्षे मी दुखण्यासाठी नव्हे, तर सकाळी अंथरुणातून उठता यावे म्हणून घेत होतो. त्या काळात दोन वेळा मी निवासी केंद्रात राहून सर्व काही एकदम बंद केले. दोन्ही वेळा पूर्ण रक्कम आगाऊ भरली, दोन्ही वेळा तीन आठवड्यांनी 'बरा' होऊन घरी आलो आणि दोन्ही वेळा दहा दिवसांच्या आत पुन्हा गोळी घेतली. माझ्या संपूर्ण हिशेबात सर्वांत महाग पडलेला खर्च तोच. पैशांपेक्षा गंभीर गोष्ट मला नंतर कळली, ती अशी की औषध बंद राहिले की शरीराची सहनशक्ती उतरते, तलफ मात्र जागच्या जागी राहते. त्यामुळे पूर्वी सहज पचलेला डोस पुन्हा घेतला, तर श्वास मंदावून माणूस दगावू शकतो. घरी पाठवताना हे मला कोणी सांगितले नव्हते.

तिसऱ्या वेळी शोध सुरू केला, तेव्हा पहिल्या दहा फोनवर मी एकच निरुपयोगी प्रश्न विचारत होतो : तुमच्याकडे व्यसनमुक्तीचा उपचार मिळतो का? त्याला सगळेच होकार देतात. अकराव्या फोनपासून प्रश्न बदलले. तुम्ही ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन (याच उपचारातले दुसरे औषध) देता का, आणि देत असाल तर ते केवळ विथड्रॉअलच्या, म्हणजे नशेचे औषध तुटल्यावर होणाऱ्या त्रासाच्या, आठवड्यापुरते की रुग्णाला गरज असेल तोवर, हा पहिला प्रश्न. पहिली गोळी किती दिवसांत मिळेल, डॉक्टर रजेवर असतील तेव्हा प्रिस्क्रिप्शन कोण लिहील, तपासण्यांचे पैसे फीमध्ये धरलेले आहेत की वेगळे, आणि लघवीच्या तपासणीत काही आढळले तर तुम्ही डोसचा फेरविचार करता की औषधच बंद करता, हे पुढचे. या शेवटच्या प्रश्नावर पलीकडची व्यक्ती जितका वेळ गप्प राहते, त्यावरून त्या ठिकाणाची बरीचशी परीक्षा होते, असे माझे मत झाले आहे.

एका ठिकाणी मला ऐकवण्यात आले की हे म्हणजे एक नशा सोडून दुसरी धरणे होय. त्या वेळी उत्तर सुचले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही दोन्ही औषधे 2005 मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली, हे मला नंतर समजले. फ्रान्समध्ये 1995 पासून साध्या कुटुंब-डॉक्टरांनाही ब्युप्रेनॉर्फिन लिहून देण्याची मुभा मिळाली आणि 1999 पर्यंत अतिसेवनाने होणारे मृत्यू 79 टक्क्यांनी घटले. तिथे औषध नवे शोधले गेले नव्हते, ते मिळण्याची वाट तेवढी सोपी झाली होती. माझ्या अनुभवाचे सारही तेच आहे : गोळी आपले काम करते, अडचण असते ती गोळीपर्यंत पोहोचण्याची.

पहिला दिवस मात्र काळजीने पार पाडावा लागतो. ब्युप्रेनॉर्फिन मेंदूतील अफूग्राहींना, म्हणजे अफूवर्गीय औषधे जिथे जाऊन बसतात त्या जागांना, इतके घट्ट चिकटते की तिथे आधी बसलेले औषध ते ढकलून बाहेर काढते, पण स्वतः त्या ग्राहींना अर्धवटच चेतवते. म्हणून आधीचे औषध अंगात पुरेसे शिल्लक असताना ही गोळी घेतली, तर काही मिनिटांत तीव्र विथड्रॉअल सुरू होते. मी घेत होतो त्या अल्पकाळ टिकणाऱ्या गोळ्यांनंतर 12 ते 24 तास थांबायला सांगतात. मेथाडोनसारख्या दीर्घकाळ टिकणाऱ्या औषधानंतर याहून बराच अधिक काळ जावा लागतो. सकाळी नऊला मी जांभया देत, नाक पुसत खुर्चीत बसलो होतो. परिचारिकेने नाडी मोजली, डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या, माझी बाही वर सारून हातावरचा काटा पाहिला, बोटे पसरायला लावून थरथर पाहिली आणि प्रत्येक लक्षणाला गुण देऊन बेरीज केली. "अजून तासभर थांबू या," ती म्हणाली. त्या क्षणी मला तिचा विलक्षण राग आला. आज वाटते की त्या तासाभरानेच माझा हा उपचार टिकवला. गोळी कडू असते, वरून लिंबासारखा आंबूस वास, आणि ती विरघळेपर्यंत बोलायचे नाही, गिळायचे नाही. चाळीस मिनिटांनी जांभया थांबल्या. नशा अजिबात झाली नाही, आणि खरे सांगायचे तर मी थोडा निराशही झालो.

नॅलोक्झोन हे अफूवर्गीय औषधांचा परिणाम उलटवणारे औषध, म्हणून गोळीतील नॅलोक्झोनची अनेकांना विनाकारण धास्ती वाटते. जिभेखालून ते फारसे शोषलेच जात नाही. कोणी गोळी विरघळवून टोचून घेतली, तरच ते आपला प्रभाव दाखवते.

आता पैशांविषयी. पहिल्या दिवसापासून मी एका वहीत पाच रकाने आखले : डॉक्टरांची फी, औषध, तपासण्या, प्रवास आणि बुडालेला रोजगार. पहिल्या तीन महिन्यांची बेरीज केली, तेव्हा औषधाचा रकाना चौथ्या क्रमांकावर होता. दर आठवड्याला भेट, प्रत्येक भेटीला लघवीची तपासणी, शिवाय प्रत्येक भेटीपायी अर्ध्या दिवसाचे काम बुडणे, यांनी खिसा रिकामा केला. म्हणून गोळीची किंमत विचारून निर्णय घेणाऱ्यांना माझी विनंती आहे की महिन्याला भेटी किती, हे आधी विचारावे. प्रकृती स्थिर झाल्यावर भेटी महिन्यातून एकवर आणता येतात, पण माझ्याबाबतीत तो विषय मीच काढेपर्यंत कोणी काढला नाही. ब्रँडऐवजी जनेरिक गोळी लिहून देण्याची विनंतीही मीच केली. दोन्हींच्या परिणामात मला काहीच फरक जाणवला नाही, बिलात मात्र ठळकपणे जाणवला.

समुपदेशनाचा प्रश्न थोडा नाजूक आहे. मी सुरुवातीला ज्या ठिकाणी जात होतो, तिथे समुपदेशनाची सत्रे विकत घेतल्याशिवाय प्रिस्क्रिप्शन देत नसत. सत्रांचा मला उपयोग झाला, हे मी नाकारत नाही. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या 2009 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मानसिक-सामाजिक आधार प्रत्येक रुग्णाला देऊ करावा, मात्र तो नाकारणाऱ्याचे औषध अडवू नये. ही गोष्ट सौम्य शब्दांत पण लेखी मांडल्यावर माझ्यावरची सक्ती गेली आणि पुढे जितकी सत्रे परवडली, तितकी मी स्वेच्छेने घेतली.

विम्यामुळे औषधाचा मोठा भाग भरून निघाला, आणि सर्वांत वाईट आठवडाही विम्यामुळेच आला. औषधाला ठरावीक मुदतीची पूर्वमंजुरी लागते. सातव्या महिन्यात ती मुदत संपली. नूतनीकरणाचा कागद डॉक्टरांच्या कार्यालयाने पाठवला असे ते म्हणत होते, मिळाला नाही असे विमा कंपनी म्हणत होती, आणि औषध दुकानाच्या काउंटरवर माझ्या मागे रांग वाढत होती. माझ्याकडे दोन गोळ्या उरल्या होत्या. त्या मी अर्ध्या-अर्ध्या करून चार दिवस पुरवल्या. हे औषध शरीरातून सावकाश उतरते, त्याचे अर्धायुष्य (अंगातले औषध निम्मे व्हायला लागणारा वेळ) 24 ते 42 तासांचे असते, म्हणून निभावले. तरी चौथ्या रात्री घामाने उशी भिजली आणि जुन्या विक्रेत्याचा नंबर मी मनातल्या मनात दोनदा फिरवला. मंजुरी येईपर्यंत काही दिवसांच्या गोळ्या स्वतःच्या पैशाने घेता येतात, त्यासाठी डॉक्टर वेगळे छोटे प्रिस्क्रिप्शन देऊ शकतात, हे मला पाचव्या दिवशी कळले. उपचार तुटल्यानंतरचे पहिले चार आठवडे अतिसेवनाच्या मृत्यूंच्या दृष्टीने विशेष धोक्याचे असतात, याची जाणीव त्या कागदावर बसून राहिलेल्यांपैकी कोणाला असेल, असे मला वाटत नाही.

दुष्परिणामांपैकी बद्धकोष्ठता कायम राहिली, घाम सहा महिन्यांनी कमी झाला. दातांकडे मात्र मी उशिरा लक्ष दिले. जिभेखाली विरघळणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिनमुळे दात किडण्याचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी 2022 मध्ये दिला होता. गोळी विरघळल्यावर पाण्याने हलकेच चूळ भरावी आणि दात घासण्यापूर्वी किमान एक तास थांबावे, हा त्यातला सल्ला मी दहाव्या महिन्यात पाळू लागलो, तोवर दोन दाढा भरून घ्याव्या लागल्या होत्या. वहीत सहावा रकाना वाढला. दारू आणि झोपेच्या गोळ्या यांच्या जोडीने हे औषधही श्वास रोखू शकते; माझी झोपेची गोळी डॉक्टरांनी हळूहळू बंद केली, आणि नॅलोक्झोनचा नाकात मारायचा फवारा घरात सर्वांना माहीत असलेल्या खणात ठेवला आहे.

इतर पर्यायांबद्दल थोडक्यात. मेथाडोन काहींना अधिक मानवते, पण सुरुवातीला बहुधा रोज केंद्रावर जाऊन घ्यावे लागते, तेव्हा प्रवास आणि रोजगार हे दोन रकाने फुगतात. नाल्ट्रेक्झोनचे महिन्याचे इंजेक्शन अफूवर्गीय नाही, परंतु त्याआधी 7 ते 10 दिवस अफूवर्गीय औषधांपासून पूर्ण दूर राहावे लागते, आणि माझ्यासारख्याचे घोडे नेमके तिथेच अडते. ब्युप्रेनॉर्फिनचे महिन्याचे इंजेक्शन मला मनापासून हवे होते, कारण त्यात रोजची गोळी नाही आणि दुकानाची रांगही नाही. विमा कंपनीने ते दोनदा नाकारले.

सध्या माझा डोस 12 मिलिग्रॅम आहे. मध्यंतरी तो 8 वर आणून पाहिला, परंतु तिसऱ्या आठवड्यात रात्री पाय अस्वस्थ होऊ लागले, तेव्हा डॉक्टरांनी आणि मी मिळून तो पुन्हा वाढवला. पुढची पूर्वमंजुरी संपायला अजून सव्वा महिना आहे. नूतनीकरणाचा अर्ज गेल्या मंगळवारी मी स्वतः नेऊन दिला आणि त्याची पोच वहीच्या पहिल्या पानाला टाचून ठेवली आहे.