आमा दबलम मोहीम: शेर्पांना पैकीच्या पैकी गुण
नेपाळमधलं आमा दबलम शिखर (६,८१२ मीटर) काठमांडूच्या एका संस्थेसोबत केलं, नैर्ऋत्य धारेने. कॅम्प दोनच्या खाली यलो टॉवरची उभी भिंत लागते. तिथे जुन्या दोरांचा नुसता गुंता. आमच्या शेर्पा दाईंनी (नेपाळीत दाई म्हणजे थोरला भाऊ) एकेक दोर ओढून पाहिला, यंदाचा कोणता ते दाखवलं, मगच जुमार (दोरावर वर सरकणारी पकड) लावू दिला. खरी मोहीम या माणसाच्या जिवावर चालते. २००६ मध्ये हिमकडा कोसळून कॅम्प तीनवर सहा जण दगावले होते, म्हणून त्यांनी आम्हाला कॅम्प दोनवरूनच थेट शिखरासाठी काढलं. अगदी योग्य निर्णय. बेस कॅम्पला दाल-भात गरमागरम. वर मात्र गॅस कमी पडला, बर्फ वितळवून पुरेसं पाणी होईना. एवढे पैसे घेऊन हे चालणार नाही. सह्याद्रीत कातळ चढला असाल आणि बर्फाचं प्रशिक्षण झालं असेल, तरच नाव नोंदवा.